एक हात अंतर

ऑक्टोबरातली गोष्ट. लेकीच्या वर्गात पालकांनी येऊन मुलांना गोष्ट वाचून दाखवायची असते, त्यात माझा नंबर लागला होता. मी वेळेआधीच पोचून मागच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. भिंतीवरचा स्पीकर खरखरला. आज जेवणात काय आहे ते सांगून झालं, कुणाकुणाचे वाढदिवस सांगून झाले, आणि मग अमेरिकेच्या झेंड्याच्या शपथेसाठी उभं राहण्याची सूचना आली. वीस-बावीस खुर्च्या एकदम मागे सरकल्या. मीही उठले. आणि माझा उजवा हात उठला. छातीवर नाही गेला. सरळ पुढे आला, खांद्याच्या रेषेत, तळवा जमिनीकडे, बोटं जुळलेली.

सेकंदाचाच खेळ. लक्षात आल्याबरोबर मी तो कोपरात मोडून छातीशी आणला, ओढणी सावरावी तसा. अंगावर ओढणी नव्हती, जाड स्वेटर होता. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या एका आईने पाहिलं. तिची भुवई किंचित वर गेली आणि परत जागेवर आली. सरळ पुढे केलेल्या हाताचा इथे एकच अर्थ लावतात, आणि तो न्यू जर्सीतल्या तिसरीच्या वर्गात अजिबात चांगला नाही. मला तिला सांगावंसं वाटत होतं की बाई गं, हा तो हात नाही, हा आमचा ‘भारत माझा देश आहे’चा हात आहे. पण ते सांगायचं कसं आणि किती मागून सुरुवात करायची? तोवर मुलांचं म्हणून झालंही होतं. एकतीस शब्दांची तर शपथ.

त्या गडबडीत मला अजून एक गोष्ट दिसली होती. खिडकीजवळच्या टेबलाशी एक मुलगा उभा होता. दोन्ही हात सोडलेले, ओठ मिटलेले. नजर बाहेरच्या पिवळ्या झाडावर. रुसलेला नव्हता, घाबरलेला नव्हता. बस यायची वाट बघत असल्यासारखा उभा होता, इतकंच. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. शिक्षिकाही नाही. मीच तेवढी बघत होते.

संध्याकाळी लेकीला विचारलं. “तो नाही म्हणत,” ती म्हणाली.

“का?”

“त्याचं तसं असतं.”

“मग टीचर काही बोलत नाहीत?”

“कशाला बोलतील?” आणि ती पेन्सिलीला टोक करू लागली. मी आणखी काही विचारलं नाही. तो कुठल्या घरातला, कुठल्या पंथाचा, हे मला अजूनही माहीत नाही. पण रात्री भांडी लावताना लेकीचं ते ‘कशाला’ परत परत कानात येत राहिलं. कारण मी बोलले होते. माझ्या शाळेत, माझ्या वर्गात, असंच एक माणूस गप्प होतं, तेव्हा बोलणारी मी होते.

शाळा नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. पटांगणात मुरूम टाकलेला, तो चपलेत जायचा आणि परिपाठभर टोचत राहायचा. उंचीप्रमाणे रांगा. ‘एक हात अंतर घे’ म्हटलं की पुढचीच्या खांद्याला बोटं टेकवायची आणि मग एक पाऊल मागे व्हायचं. राष्ट्रगीत संपलं की प्रतिज्ञा. सगळे उजवे हात एकदम वर यायचे तेव्हा गणवेशांच्या बाह्यांचा एक फडफडाट व्हायचा, तो आवाज मला अजून ऐकू येतो. पहिली दोन वाक्यं हात ताठ. ‘विविधतेने नटलेल्या’पर्यंत खांद्यात कळ सुरू. ‘पाईक’ म्हणजे काय ते सातवीपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या समजुतीप्रमाणे तो पायांशी संबंधित काहीतरी प्रकार होता. ‘वडीलधाऱ्या माणसांचा’ येईतो निम्मे हात घसरलेले असायचे आणि रांगांमधून फिरणाऱ्या बाई पट्टीने कोपराला खालून हलकेच टोकायच्या: “हात खाली येतोय.” (‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’वरचा तो विनोद प्रत्येक शाळेत होता, आमच्याकडेही होता. सांगत नाही.)

माझ्या पुढे उंचीने तीच यायची. नाव लिहीत नाही. तिचे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, रविवारी ती आईबरोबर चर्चमध्ये जायची आणि नाताळात आमच्या घरी करंज्यांचा डबा यायचा. तिची मराठी माझ्याहून चोख होती. प्रतिज्ञा ती खणखणीत म्हणायची. माझ्या पुढे केलेल्या हाताची बोटं तिच्या लाल रिबिनीपासून वीतभर लांब असायची आणि त्या वीतभरातून खोबरेल तेलाचा वास यायचा. पण प्रतिज्ञेनंतर पेटी वाजायची, सरस्वतीची वंदना सुरू व्हायची, आणि सगळ्या रांगेचे कोपर दुमडायचे. तिचे नाही. मागून हात जोडलेले दिसत नाहीत, कोपर दिसतात. तिचे कोपर सरळ खाली.

मी मॉनिटर होते. मला कुणी विचारलं नव्हतं. मधल्या सुट्टीत मी आपण होऊन बाईंना जाऊन सांगितलं: “बाई, ती प्रार्थना म्हणत नाही. हातसुद्धा जोडत नाही.” राग नव्हता तिच्यावर, त्याच दिवशी आम्ही एका डब्यात जेवलो होतो. मला वाटतं मला फक्त आपल्याला काहीतरी दिसलं आहे हे कुणाला तरी सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला रांगेतून काढून झेंड्याच्या खांबापाशी उभं केलं आणि एकटीला म्हणायला लावलं. ती म्हणाली नाही. शाळा भरून पहिला तास संपेपर्यंत ती तिथेच होती. मार्च महिना होता.

त्यानंतर ती कोपर दुमडायला लागली. बाई समोरून बघायच्या, त्यांना जुळलेले हात आणि हलणारे ओठ दिसायचे. मी मागे होते, मला आवाज ऐकू यायचा. म्हणजे यायचा नाही. ती नुसते ओठ हलवत होती. बाईंना दिसत होतं ते मला दिसत नव्हतं आणि मला कळत होतं ते बाईंना कळत नव्हतं. या वेळी मी काही सांगितलं नाही. त्याला मी बरीच वर्षं माझा चांगुलपणा समजत आले.

पुढे पुण्यात संज्ञापनशास्त्राचा, म्हणजे कम्युनिकेशनचा, कोर्स केला. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर ती सुप्रसिद्ध चौकोनांची माळ आली: प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक, आणि मध्येच वरून खाली येणारा बाण, गोंगाट. गणितज्ञ क्लॉड शॅनन बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होता, १९४८ साली त्याने हे मांडलं तेव्हा त्याच्यासमोर तारांमधून जाणारे सिग्नल होते, शाळेचं पटांगण नव्हतं. पण त्याची एक गोष्ट मला तेव्हाच चिकटली. त्याच्या हिशेबात माहिती म्हणजे अर्थ नव्हे, अनपेक्षितपणा. पुढचा शब्द काय येणार हे ऐकणाऱ्याला आधीच पक्कं ठाऊक असेल, तर तो शब्द आल्याने त्याला काहीच मिळत नाही. या मापाने बघितलं तर आमचा परिपाठ म्हणजे शून्य. ‘माझ्या देशावर’ म्हटल्यावर ‘माझे प्रेम आहे’च येणार. आठशे मुलं, आठशे आवाज, माहिती शून्य. त्या सगळ्या पटांगणात काही सांगत असेल तर ते एकटे तिचे दोन सरळ कोपर सांगत होते. आणि ते नेमके माझ्यापर्यंत पोचले, मी ते दुसऱ्या चौकोनात नेऊन टाकले.

तेव्हा वर्गात हे काही मी बोलले नाही. परीक्षेत चौकोन काढले, मार्क मिळवले.

त्या ऑक्टोबरानंतर मात्र मी वाचत गेले. या देशातली शपथ आधी हाताचीच गोष्ट आहे हे मला तेव्हा कळलं. फ्रान्सिस बेलामी नावाच्या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने ती १८९२ साली लिहिली, मुलांच्या एका नियतकालिकासाठी, कोलंबसाच्या चारशेव्या वर्षाचं निमित्त करून. माणूस समाजवादी विचारांचा. त्याच्या मूळ मजकुरात देव नाही. ‘देवाच्या छत्राखाली’ हे शब्द १९५४ साली आयझेनहॉवर यांच्या सहीने आले, तेव्हा ‘नास्तिक’ रशियाशी शीतयुद्ध ऐन भरात होतं. पण बेलामीच्या शपथेला एक कृती जोडलेली होती: हात झेंड्याकडे पुढे करायचा, तळवा वर ठेवून. पुढे पुढे तळवा खाली वळला. मग युरोपात मुसोलिनी आणि हिटलर यांच्या सभांमध्ये तसेच हात उठू लागले आणि अमेरिकन शाळांतले फोटो विचित्र दिसायला लागले. डिसेंबर १९४२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, हात छातीवर आणला. म्हणजे त्या वर्गात माझा हात आधी जिथे गेला, तिथे या देशातल्या मुलांचे हात पन्नास वर्षं जात होते. शेजारच्या त्या आईच्या आजीचासुद्धा गेला असेल. तेव्हा तो सज्जन हात होता. आमच्याकडे तो अजून सज्जन आहे. हात तोच, अर्थ त्याच्या आत कधी नव्हताच, बघणाऱ्याने आपल्या घरून आणलेला होता.

हे असंच काहीसं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहून ठेवलेलं आहे. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातल्या मुलांचा खटला. झेंड्याला वंदन म्हणजे मूर्तीपुढे वाकणं, असं ते मानतात. १९४० साली पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिलच्या दोन भावंडांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि आठ विरुद्ध एक मतांनी मुलं हरली. राष्ट्रीय ऐक्य मोठं ठरलं. त्यानंतर गावोगावी या लोकांना जमावांनी मारलं. मेन राज्यात केनेबंकला त्यांचं सभागृह जाळलं. तीनच वर्षांत, १४ जून १९४३ ला, वेस्ट व्हर्जिनियातल्या मुलींच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपला निकाल फिरवला. बाहेर महायुद्ध चालू होतं, हे विसरून चालत नाही. जॅक्सन म्हणतात, चिन्ह म्हणजे एका मनातून दुसऱ्या मनात जायची जवळची वाट, आणि चिन्हात ज्याने जो अर्थ घातला तोच त्याला मिळतो. त्या निकालात एक तपशील आहे, तो वाचताना मी थांबले. वेस्ट व्हर्जिनियात ताठ हाताचं वंदन हिटलरसारखं दिसतं म्हणून काही संघटनांनी हरकत घेतली होती, आणि ती ऐकून पद्धतीत थोडा बदलही केला गेला होता. हात कसा करायचा याविषयी बोलणी होऊ शकत होती. हात करायचाच नाही म्हणणाऱ्यांसाठी मात्र काही सवलत नव्हती.

आणि त्याच्या पुढचा प्रश्न. जॅक्सन विचारतात की या सक्तीतून शाळेला नक्की काय हवं आहे? मुलांनी आपली श्रद्धा खरोखर सोडायला हवी आहे, की मनात काही नसताना ओठांनी म्हटलेले शब्द आणि अर्थ नसलेला एक हातवारा एवढ्यावर शाळेचं समाधान होणार आहे?

आमच्या बाईंचं झालं होतं.

आपल्याकडे हा प्रश्न केरळमधून आला. तीन भावंडं, पंथ तोच, यहोवाचे साक्षीदार. राष्ट्रगीताला नीट उभी राहायची, फक्त गायची नाहीत. कितीतरी दिवस कुणाचं काही बिघडलं नाही. मग कुणीतरी ते बघितलं, गोष्ट विधानसभेत गेली आणि जुलै १९८५ मध्ये मुलांना शाळेतून काढलं. ऑगस्ट १९८६ मध्ये न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. दत्त यांच्या पीठाने मुलांना परत घ्यायला लावलं. गायलाच हवं असं कुठलाही कायदा सांगत नाही, आदराने उभं राहणं हा अनादर होत नाही, आणि काढून टाकण्याने मुलांच्या अभिव्यक्तीच्या आणि धर्माच्या स्वातंत्र्यावर घाला आला, असं म्हटलं. निकालपत्रात ते अमेरिकेतले दोन्ही खटलेही आहेत. माझी मैत्रीण झेंड्याच्या खांबापाशी उभी राहिली त्याच्या कितीतरी आधी हा निकाल लागलेला होता. तो आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत आलेला नव्हता, किंवा आला असेल आणि कपाटात असेल. प्रार्थनेला हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाची वेतनश्रेणी अडली होती, त्यांना मुंबई उच्च न्यायालयातून न्याय मिळाला तो २०१३ साली. कोपरांचीच गोष्ट, शिक्षकाच्या बाबतीत.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. मी चुकले, बाई चुकल्या, न्यायालयं बरोबर. पण मला खरी अडचण यापुढे येते, कारण मला परिपाठ आवडायचा.

शॅननच्या चौकोनांत ते बसत नाही. जेम्स केरी नावाच्या अभ्यासकाने १९७५ साली म्हटलं की संज्ञापन म्हणजे फक्त इथला निरोप तिथे पोचवणं नव्हे. काही वेळा ते पूजेसारखं असतं. लोक एकत्र जमतात, ठाऊक असलेलंच परत म्हणतात, नवीन कुणालाच काही कळत नाही, आणि तरी त्या म्हणण्याने एक जग उभं राहतं. आपल्याला हे शिकायला अमेरिकन प्राध्यापक कशाला हवा? संध्याकाळी दिवा लावून शुभंकरोती म्हणणाऱ्या, पाढे ओरडणाऱ्या, हरिपाठाला बसणाऱ्या माणसांना ते ठाऊकच असतं. ‘संवाद’ या शब्दातही ‘बरोबर बोलणं’ आहे, आणि आमच्या शाळेतल्या त्या एक सूर अडकलेल्या पेटीचं दुसरं नाव संवादिनी. आठशे मुलांच्या आवाजात आपला आवाज हरवून जायचा तो क्षण, पोटातून छातीकडे येणारी ती एक थरथर, मला हवी असायची. ‘त्यांचे कल्याण आणि त्यांची समृद्धी’ म्हणताना ‘ते’ कोण हे मी कधी विचारलं नाही, पण ते भरपूर आहेत आणि मी त्यांच्यात आहे, हे मला रोज सकाळी कळायचं. ते खोटं होतं असं मी आज म्हणू शकत नाही. आणि तिला कोपरांवर आणलं नसतं तर तीसुद्धा त्यांच्यात होती. प्रतिज्ञा तर ती म्हणतच होती. आमच्यापेक्षा मोठ्याने.

भूप रागात मध्यम आणि निषाद हे सूर वर्ज्य असतात. ते नाहीत म्हणूनच तो भूप. कुणाचं गप्प राहणंही असं सगळ्यांच्या म्हणण्याचा भाग असू शकतं. परिपाठाला कुणी असं कान देऊन ऐकत नाही, हे खरं. शाळेत पट्टी असते, तानपुरा नसतो.

मग ‘मी प्रतिज्ञा करीत आहे’ या वाक्याचं काय करायचं? ऑस्टिन या तत्त्वज्ञाने दाखवलं की काही वाक्यं काही सांगत नाहीत, ती म्हणणं हेच करणं असतं. ‘मी वचन देतो’ म्हटलं की वचन दिलं गेलं. पण त्याला अटी असतात. म्हणणाऱ्याला तो अधिकार हवा, आणि नाटकात म्हटलेलं धरायचं नाही. आठ वर्षांच्या मुलीने घरभाड्याचा करार केला तर कुणी मानणार नाही. देशाशी केलेला मात्र रोज सकाळी मानतात. माझी लेक भारतीय पासपोर्टवर इथे आहे. पहिल्या वर्षी तिला धड इंग्रजी येत नव्हतं, तरी ही शपथ तिने कानाने उचलली. ‘इनडिव्हिजिबल’च्या जागी ‘इनव्हिजिबल’ म्हणायची, म्हणजे अखंड राष्ट्राचं अदृश्य राष्ट्र करायची, आणि त्याने कुणाचं काही अडलं नाही. न्यू जर्सीचा कायदा मी काढून वाचला. मनाला पटत नसेल त्या मुलांना शपथेतून सूट आहे. राजनैतिक संरक्षण असलेल्या परकीय प्रतिनिधींच्या मुलांनाही आहे. एच-वन व्हिसावाल्यांच्या मुलांचा उल्लेख नाही. आम्ही ना वकिलातीचे, ना साक्षीदार. तिने ती म्हणू नये असं मला वाटतं का? नाही. तिने ती इतक्या सहज म्हणावी याने मला जरा टोचतं का? हो. चपलेतल्या मुरमाइतकं.

‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा पायडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली, विशाखापट्टणमला नोकरीत असताना. मग ती देशभरातल्या भाषांत गेली, सगळ्या पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या पानावर बसली, आणि सांगतात की ती तिथे आहे हे खुद्द त्यांना फार उशिरा समजलं, घरातली नात पुस्तकातून मोठ्याने वाचत होती तेव्हा. प्रेषक म्हातारा होऊन बसला आहे आणि त्याचाच निरोप फिरून त्याच्या ओसरीवर आला आहे. फळ्यावरच्या चौकोनांत यासाठी बाण नव्हता.

ही गोष्ट मी लेकीला सांगितली, तर तिला त्यातल्या नातीचं काही वाटलं नाही. तिला हात बघायचा होता. “तू कसा करायचीस? करून दाखव.” स्वयंपाकघरात, ओटा आणि टेबल यांच्या मधल्या जागेत मी सावधानमध्ये उभी राहिले. ती माझ्यापुढे उभी राहिली, पाठमोरी, मी सांगितलं होतं तशी. एक हात अंतर घेतलं. तिच्या केसांना रिबीन नाही, रबरबँड आहे. मी सुरुवात केली. देश आला, बांधव आले, प्रेम आलं. परंपरा आल्या, विविधतेने नटून आल्या. ‘त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता माझ्या अंगी यावी म्हणून’ इथपर्यंत आवाज नीट होता, आणि पुढे काहीच आलं नाही. वीस वर्षांत मी ते एकटीने कधी म्हटलंच नव्हतं. ते वाक्य माझं एकटीचं नव्हतंच बहुतेक. आजूबाजूच्या आवाजांनी ते पुढे न्यायचं असायचं. मी कान दिल्यासारखी उभी राहिले. फ्रिजची घरघर येत होती. पुढे उभ्या असलेल्या तिचे कोपर सरळ खाली होते.

तिने मान वळवून पाहिलं. “आई, हात खाली येतोय.”